चाळिशीनंतर पुन्हा जमिनीवर बसायला शिकताना: आखडलेलं शरीर मोकळं करण्याच्या पायऱ्या

पंगतीत बसायची वेळ आली की खुर्ची शोधणारे, देवळात उभ्यानेच हात जोडून बाहेर येणारे, गावाकडे जायच्या आधी तिथे कमोड आहे का हे फोनवर विचारून घेणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. गुडघ्याची मोठी व्याधी नाही, डॉक्टरांनी काळजीचं काही सांगितलेलं नाही, पण खाली बसवत नाही आणि बसलं तर उठवत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी.

मी बँकेत काम करते, म्हणजे दिवस खुर्चीत जातो. माझ्या गुडघ्याचे एक्स-रे चांगले होते, तरी मांडी घातली की पाच मिनिटांत गुडघा ठणकायचा. फिजिओथेरपिस्टने गुडघा बाजूला ठेवून खुबा आणि घोटा तपासला तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर जे शिकले, ज्या क्रमाने शिकले, तो क्रम इथे देते आहे. स्ट्रेचिंगचे व्हिडिओ हजारो आहेत. कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

आधी थोडं: शरीर आखडतं कशामुळे

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. जिना चढताना ८० ते ९०, खुर्चीतून उठताना ९० किंवा थोडा जास्त. उकिडवं बसायला मात्र तो १३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. आता आपला दिवस बघा. पलंग, कमोड, जेवणाचं टेबल, गाडी, ऑफिसची खुर्ची, सोफा. सगळं एकाच उंचीचं. सकाळपासून रात्रीपर्यंत गुडघा आणि खुबा त्या उंचीच्या खाली एकदाही जात नाहीत. जी हालचाल वापरली जात नाही ती शरीर हळूहळू सोडून देतं. विळीवर भाजी चिरणं, चुलीपुढे बसणं, पाटावर बसून जेवणं हे कुणी व्यायाम म्हणून करत नव्हतं, पण त्यात दिवसाकाठी कितीतरी वेळा सांधे पूर्ण वाकत आणि पूर्ण उघडत.

सांध्याच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि सांध्यावर भार येतो-जातो तेव्हाच तो द्रव तिच्यात नीट खेळतो. म्हणून नुसतं "गुडघे जपा, हलवू नका" हा सल्ला निरोगी सांध्यासाठी उलटा पडतो.

दुसरी गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. उताणे झोपा आणि एक पाय सरळ ठेवून स्वतःच्या ताकदीने जितका वर जाईल तितका उचला. मग तळव्याला ओढणी अडकवून तोच पाय हाताने ओढून वर न्या. बहुतेकांचा पाय दुसऱ्या वेळी बराच वर जातो. हा जो फरक आहे, तेवढ्या पट्ट्यात तुमचा स्नायू लांब होतो पण तुमचा त्याच्यावर ताबा नसतो. रोजच्या जगण्यात कामाला येते ती ताबा असलेली हालचाल. बसच्या उंच पायरीवर पाय टाकताना कुणी ओढणी धरून पाय वर ओढत नाही.

पायरी १: आधी डॉक्टरांना विचारायचं का, ते ठरवा

खालीलपैकी काही असेल तर सुरुवात दवाखान्यातून करा:

- गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. खुबा बदलला असेल तर मांडी घालणं, फार खाली बसणं यांवर शल्यचिकित्सकाची बंधनं असू शकतात; ती तुमच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर ठरतात.
- हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं आहे. अशा वेळी कंबरेतून जोरात पुढे वाकणं आणि जोराचे पीळ टाळायचे असतात. मणका चेपण्याचा धोका असतो.
- सकाळी उठल्यावर सांधे तासाभराहून जास्त वेळ जखडलेले राहतात, किंवा बोटांचे सांधे सुजतात. साध्या झिजेत हा जखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तास-तास राहिला तर संधिवाताची तपासणी हवी.
- तरुण वयात कंबर रात्री झोपेतून उठवते आणि हालचाल केल्यावर बरी वाटते. हाही आखडलेपणाचा साधा प्रकार नाही.
- काचबिंदू आहे. डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो.
- रक्तदाब आटोक्यात नाही, चक्कर येते, किंवा गरोदरपण आहे.

आणि पायातली ताकद अचानक गेली, जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम-बियायाम विसरून त्याच दिवशी रुग्णालयात जा. यात रात्र काढायची नसते.

पायरी २: सामान आणि कागद जमवा

विकत घ्यावं असं जवळजवळ काही नाही.

- सतरंजी किंवा जाड चटई. गादीवर करू नका, ती दबते आणि शरीर तिरकं होतं.
- दोन-तीन घट्ट उशा, एक घडी घातलेली चादर किंवा लाकडी पाट.
- जुनी सुती ओढणी किंवा पंचा. ताणला जाणारा कपडा नको.
- चाकं नसलेली, पाठ असलेली खुर्ची.
- मोकळी भिंत, फूटपट्टी आणि एक वही.
- टाचेखाली ठेवायला दोन जाड पुस्तकं किंवा लाकडाचा तुकडा.

साधी साधनं वापरणं म्हणजे कमीपणा असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगपद्धतीकडे पाहावं. पट्टे, विटा, लोड, खुर्च्या यांचा आधार घेऊन आसन शरीरापर्यंत आणणं ही तर त्या पद्धतीची ओळखच आहे.

कागद म्हणाल तर जुने एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि मधुमेह असल्यास शेवटचा एचबीए१सीचा अहवाल एका फाइलमध्ये लावून ठेवा. मधुमेहाचा इथे संबंध काय, ते पायरी ७ मध्ये येतं.

पायरी ३: आज कुठे आहात ते मोजा

न मोजता सुरू केलं तर महिन्याभराने फरक दिसत नाही आणि माणूस सोडून देतो. चार मापं पुरेत. वहीत तारीख घालून लिहा, डावी-उजवी बाजू वेगळी.

*घोटा.* भिंतीकडे तोंड करून उभे राहा, एक पाऊल पुढे. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला लावा. पाऊल थोडं थोडं मागे घेत जा. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो त्या शेवटच्या जागी अंगठा भिंतीपासून किती दूर आहे ते मोजा. १० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चार-पाचच असेल तर उकिडवं बसताना मागे का पडता, याचं उत्तर सापडलं.

*खुबा.* उताणे झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा. उजवी नडगी जमिनीला समांतर होते का, की गुडघा वर छताकडेच बघत राहतो? मांडीचं सगळं गणित या चाचणीत दिसतं.

*खांदा.* एक हात डोक्यावरून मागे, दुसरा कंबरेकडून वर. पाठीवर बोटं एकमेकांना भेटतात का, नसतील तर मध्ये किती अंतर. दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि साधारणपणे तसं असणं चालतं.

*उठबस.* उभ्याने जमिनीवर बसा आणि परत उठा, जमेल तेवढा कमी आधार घेऊन. बसायचे ५ आणि उठायचे ५ असे १० गुण. हात, गुडघा, मांडी यांपैकी ज्याचा आधार घ्याल त्याचा प्रत्येकी एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. ही चाचणी ब्राझीलमधल्या क्लॉडिओ गिल अराऊजो यांच्या गटाने वापरली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची २,००२ माणसं होती, आणि कमी गुण असणाऱ्यांत पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून "रोज उठबस केली की आयुष्य वाढतं" असे संदेश फिरतात. अभ्यासात तसं सिद्ध झालेलं नाही. हे गुण ताकद, तोल, वजन आणि लवचिकता यांचं एकत्र चित्र दाखवतात, आणि आपल्याला ते तेवढ्यासाठीच हवं आहे. शेजारी कुणीतरी असताना करा, आणि गुडघा दुखत असेल तर ही चाचणी सोडून द्या.

पायरी ४: घोट्यापासून सुरुवात करा

सगळे कंबर आणि गुडघ्यापासून सुरुवात करतात. मी आग्रहाने सांगेन, घोट्यापासून करा. तो लवकर सुधारतो, धोका कमी, आणि त्याचा उपयोग जिना उतरताना लगेच कळतो.

पाच मिनिटं घरातच चाला, म्हणजे अंग गरम होईल. मग मापासाठी केली तीच हालचाल व्यायाम म्हणून करा: टाच खाली, गुडघा भिंतीकडे पुढे-मागे, सावकाश, प्रत्येक पायाला १०-१२ वेळा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा, आत कलायला नको. नंतर भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच खाली, गुडघा सरळ. पोटरीत ताण जाणवेल तिथे ३० सेकंद थांबा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा ३० सेकंद. पोटरीत दोन थर असतात. गुडघा सरळ असताना वरचा ताणला जातो, वाकवल्यावर खालचा. उकिडवं बसायला लागतो तो खालचा, आणि बहुतेक जण तोच विसरतात.

ताण किती वेळ धरायचा याबद्दल गोंधळ असतो. प्रौढांनी १० ते ३० सेकंद, ज्येष्ठांनी ३० ते ६० सेकंद, एका स्नायूला एकूण मिनिटभर, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस ही सर्वमान्य शिफारस आहे. रोज केलं तर फायदा जास्त. श्वास रोखू नका. ताण "हवाहवासा" वाटेल इतकाच. चेहरा वेडावाकडा होत असेल तर मागे या. आणि हिसके देऊ नका.

पायरी ५: खुबा, म्हणजे मांडीची किल्ली

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

मांडी घालताना पाय खुब्यातून वाकतो, बाजूला उघडतो आणि बाहेरच्या दिशेला फिरतो. गुडघ्याला असं फिरता येत नाही. तो मुख्यतः वाकण्या-सरळ होण्यासाठी बनला आहे. खुबा जेवढा फिरत नाही, तेवढा पीळ खाली गुडघ्यावर येतो. म्हणून मांडी घालताना गुडघा दुखतो आणि माणूस गुडघ्याला तेल चोळत बसतो. कुणी मायेने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून खाली दाबतं. हे अजिबात करू देऊ नका, विशेषतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल तर. तिथली गादी, म्हणजे मेनिस्कस, अशा दाबाने दुखावू शकते.

क्रम असा ठेवा:

पहिलं, झोपून. मापातली स्थिती घ्या, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर. डाव्या मांडीमागे हात घालून दोन्ही पाय छातीकडे आणा. उजव्या कुल्ह्यात खोलवर ताण जाणवला पाहिजे. ३० सेकंद, दोनदा, मग दुसरी बाजू. ताण कुल्ह्याऐवजी गुडघ्यात जाणवला तर पाऊल आपल्याकडे ताठ वाकवून धरा आणि पाय कमी ओढा.

दुसरं, उंचीवर मांडी. भिंतीला पाठ लावून पाट किंवा दोन उशांवर बसा आणि मग मांडी घाला. गुडघे कंबरेपेक्षा खाली आले की कणा आपोआप ताठ राहतो. गुडघे हवेत राहत असतील तर त्यांच्याखाली उशी सरकवा. गुडघ्याला आधार मिळाला की मांडीच्या आतले स्नायू धरून ठेवणं सोडतात आणि खुबा उघडायला लागतो. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. रोज पाय बदला. आपण नकळत एकच पाय कायम वर ठेवतो. काही आठवड्यांनी एक उशी कमी करा. उंची पूर्ण गेली नाही तरी बिघडत नाही. पाटावर बसून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या आहेत.

तिसरं, खुब्याची पुढची बाजू. खुर्चीत बसून ती आखडते आणि उभं राहिल्यावर कंबर पुढे ओढते. एक गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेका, दुसरं पाऊल पुढे. आता पुढे झुकायची घाई नको. आधी माकडहाड खाली-आत घ्या, पार्श्वभाग आवळा. एवढ्यानेच टेकलेल्या पायाच्या जांघेत ताण येतो. कंबरेत बाक घालून पुढे गेलात तर ताण जातो कंबरेत आणि खुबा तसाच राहतो.

चौथं, मांडीची मागची बाजू. उताणे झोपून ओढणी तळव्याला, पाय वर. दुसरा पाय वाकवलेला चालेल. पावलापर्यंत झिणझिण्या किंवा विजेसारखी चमक गेली तर ती नस आहे, स्नायू नाही. लगेच सैल सोडा. उभ्याने वाकून पायाची बोटं धरणं हे ध्येय ठेवूच नका. त्यात कंबर वाकवून माणूस स्वतःची फसवणूक करतो.

खुब्याच्या खोबणीची घडण माणसागणिक वेगळी असते. काहींचे गुडघे कितीही सराव केला तरी जमिनीला टेकत नाहीत. मांडी घातल्यावर जांघेत पुढच्या बाजूला हाडावर हाड अडल्यासारखं वाटत असेल तर तिथे ताकद लावून काही मिळत नाही. एकदा दाखवून घ्या, आणि उंचीवरची मांडी हीच आपली मांडी समजा.

पायरी ६: उकिडवं बसणं, आधाराने

घोट्याचं माप सुधारायला लागलं की याकडे या. खिडकीचा पक्का गज किंवा दाराची चौकट दोन्ही हातांनी धरा. पावलं खांद्याएवढी लांब, बोटं जराशी बाहेर, टाचांखाली पुस्तकं. हातांवर भार देत सावकाश खाली जा, जमेल तिथे थांबा, दोन-तीन श्वास, परत वर. अर्ध्यावर थांबलात तरी चालेल. पाच-सहा वेळा.

हळूहळू तीन गोष्टी कमी करायच्या: आधी हातांवरचा भार, मग टाचांखालची उंची, शेवटी गज. तिन्ही एकदम कमी केल्या की गुडघ्यापुढे दुखायला लागतं.

मात्र इथे प्रमाण सोडू नका. जे रोज तासन्‌तास उकिडवं बसून काम करतात त्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त आढळते. आपल्याला हवी आहे ती ही स्थिती गाठता येण्याची आणि तिथून उठता येण्याची क्षमता. दिवसातून दोन-चार मिनिटं एवढीच तिची गरज.

पायरी ७: पाठीचा वरचा भाग आणि खांदे

मान दुखते म्हणून मान फिरवत बसण्याआधी पाठीचा वरचा भाग हलतो का ते बघा. खुर्चीवर बसा, खुर्चीच्या पाठीची वरची कड तुमच्या खांद्याच्या पात्यांच्या खाली येईल असं. हात डोक्यामागे गुंफून त्या कडेवरून सावकाश मागे जा, पाच-सहा वेळा. मग छातीवर हात ठेवून डावीकडे-उजवीकडे वळा, गुडघे समोरच.

खांद्यांसाठी भिंतीवर बोटांनी वर चढत जा, आणि पाठीमागे पंचा दोन्ही हातांनी वर-खाली ओढा. फळीवरचा डबा काढणं, ब्लाउजचा मागचा हूक लावणं, केस विंचरणं यांत लगेच फरक पडतो.

आता मधुमेहाचं. चाळीस ते साठ या वयात खांदा जखडण्याचं दुखणं बरंच दिसतं, आणि मधुमेह असणाऱ्यांना ते जास्त होतं. ओळखायची खूण अशी: हात तुम्ही उचलला तरी अडतो आणि दुसऱ्याने उचलला तरी तिथेच अडतो. हे साधं आखडणं नाही. जोर लावून सोडवायला गेलात तर दुखणं भडकतं, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसंच नमस्कार करताना दोन्ही हातांची बोटं आणि तळवे पूर्ण जुळत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर तीही मधुमेहातल्या सांध्यांच्या ताठरपणाची खूण असू शकते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

पायरी ८: मिळालेल्या हालचालीला ताकद जोडा

नुसता ताण देऊन पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो, त्यातला मोठा भाग म्हणजे मेंदूने तो ताण सहन करायला शिकणं. तो टिकवायचा तर त्या नव्या पट्ट्यात स्नायूला काम द्यावं लागतं.

खुर्चीवर सावकाश बसा, चार आकडे मोजत, आणि हात न लावता उठा. दहा वेळा सहज जमलं की खालची खुर्ची किंवा मोढा घ्या. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा वर करा आणि सावकाश खाली सोडा. उताणे झोपून ओढणीशिवाय पाय वर धरा, पाच सेकंद. ज्यांचे सांधे मुळातच जास्त सैल आहेत, कोपर उलटी वाकते, अंगठा मनगटाला लागतो, त्यांनी ताण देणं जवळजवळ बंद करून ही पायरीच करावी. सैल सांध्याला आणखी सैल करून दुखणं वाढतं.

वय ६५च्या पुढे असेल तर तोलाचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं इथून सुरुवात करा.

सूर्यनमस्कार कुठे बसतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा घरोघरी प्रसार केला, ते आपल्या मातीतलं उत्तम साधन आहे. कणा पुढे-मागे दोन्हीकडे वाकतो, घोटे, खुब्याची पुढची बाजू, खांदे सगळे कामाला लागतात. पण त्यात शरीर फक्त पुढे आणि मागे जातं. बाजूला झुकणं नाही, पीळ नाही, आणि मांडीला लागणारं खुब्याचं बाहेर फिरणंही नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं नमस्कार घालणाऱ्यालाही मांडी जड जाऊ शकते, यात आश्चर्य नाही. पायरी ५ त्यांच्यासाठीही आहे.

नवख्यांचा नेहमीचा सापळा म्हणजे रथसप्तमी. वर्षभर काही नाही आणि त्या दिवशी समूहाबरोबर १०८. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि कंबर धरतात, आणि फेब्रुवारी संपायच्या आत सगळं थांबतं. हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकून दोन-तीन नमस्कारांपासून सुरू करा. खुर्ची भिंतीला लावलेली असू द्या.

दिवसात कुठे बसवायचं

वेगळा तास काढायला गेलात तर तो चौथ्या दिवशी निघत नाही. मी जे टिकलेलं पाहिलंय ते असं: चहा होईपर्यंत ओट्याशी पोटरीचा ताण. रात्रीच्या बातम्या किंवा मालिका सोफ्यावर न बघता सतरंजीवर उशीवर बसून, दर काही मिनिटांनी बैठक बदलत. मांडी, पाय लांब, एक गुडघा उभा. एक जेवण जमिनीवर. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाण्याची बाटली भरून आणणं. खुब्याचे झोपून करायचे ताण रात्री, कारण तेव्हा अंग मोकळं असतं. सकाळी उठल्या उठल्या खोल पुढे वाकू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि कंबर तेव्हा सगळ्यात ताठ असते.

माप दर पंधरा दिवसांनी घ्या, रोज नको. घोटा आणि खांदा लवकर हलतात. खुब्याला महिने लागतात. आजारपणात किंवा प्रवासात खंड पडला तर थोडं मागे जाल. तिथूनच पुन्हा धरा, एक उशी वाढवून.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना

दीड-दोन महिने नियमित करूनही एकच बाजू अडली असेल, किंवा व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही उतरत नसेल, तर जा. मसाज करणारा, जिममधला ट्रेनर आणि फिजिओथेरपिस्ट एक नव्हेत. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मुंबईत केईएम, शीव, नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग आहे. तिथे केस पेपर काढून आधी संबंधित बाह्यरुग्ण विभागात दाखवावं लागतं, म्हणून सकाळी लवकर जा आणि पायरी २ ची फाइल बरोबर ठेवा. सैल पॅंट किंवा सलवार घालून जा. गुडघ्याच्या वर जात नाही असा कपडा घातला तर तपासणी अर्धवट राहते.

नुसतं "गुडघा दुखतो" म्हणू नका. "मला मांडी घालून पंगतीत जेवायचंय" किंवा "गावी भारतीय शौचालय वापरता यायला हवं" असं नेमकं सांगा आणि वहीतली मापं दाखवा. पहिल्या म्हणण्यावर शेक आणि यंत्रं लावून दुखणं कमी करण्यापुरता उपचार होण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यावर त्यांना खुबा, घोटा आणि बसण्या-उठण्याची पद्धत तपासावी लागते. घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून मागा, प्रत्येक किती वेळा आणि कुठे थांबायचं त्यासकट, आणि त्यांच्यासमोर एकदा करून दाखवूनच निघा. पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची घ्या, म्हणजे मधल्या काळात माप बदलायला वेळ मिळतो.